घरी बाळ सांभाळते

पाणी आणायला म्हणून चष्मेवाली घराबाहेर पडली, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि ती मनातून इतकी खूश होती, की रिकामी बादली हातात घेऊन चक्क उड्या मारत हापशापर्यंत गेली.

तिचं खरं काम चष्म्याच्या दुकानातलं. मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. बारा वर्षं तिनं तेच केलं होतं. पण या आठवड्यात ती गिरणीत राबणाऱ्या एका माणसाची बायको होती, आणि साल होतं दीडशे वर्षांपूर्वीचं.

त्याचं असं झालं. शहराबाहेर जुन्या घरांचं एक संग्रहालय होतं. पाडायला निघालेली घरं तिथले लोक वीट न् वीट सोडवून आणत आणि पुन्हा जशीच्या तशी उभी करत. गिरणी कामगारांच्या घरांची एक अख्खी ओळ त्यांनी अशी आणली होती, आणि ओळीच्या टोकाला त्याच वस्तीतली एका दालनाची शाळाही, जिथं सुट्टीतली इतर मुलंही शिकायला बसत. आता त्यांना एक कुटुंब हवं होतं. त्या ओळीतल्या तिसऱ्या घरात पाच दिवस राहायचं, तेव्हाचे कपडे घालायचे, तेव्हाच्या चुलीवर शिजवायचं, आणि अकरा ते चार आलेल्या लोकांना ते सगळं बघू द्यायचं. अट एकच. घरात एक शाळकरी पोर हवं आणि एक तान्हं.

चष्मेवालीकडं दोन्ही होतं. थोरली बारा वर्षांची, अखंड बडबडणारी, म्हणून घरात तिला सगळे टिटवी म्हणत. धाकटा दहा महिन्यांचा. गाल असे, की नाव ढब्बूशिवाय दुसरं पडणंच शक्य नव्हतं. नवरा बस चालवायचा. त्यानं जाहिरात वाचून आधी हात झटकले होते. "पाच दिवस मोबाइल नाही, हीटर नाही, आणि चौघं एका पलंगात? तुला वेड लागलंय."

"चौथ्या मजल्यावर तीन खोल्या आहेत आपल्याला," ती म्हणाली होती. "तू एकीत, टिटवी दुसरीत दार लावून कानात इअरफोनची बोंडं घालून, आणि मी तिसरीत या रडक्याला घेऊन. परवा जेवायला बोलवायला मी टिटवीला मेसेज केला, ड्रायव्हरसाहेब. शेजारच्या खोलीत! वेड मला लागलंय?"

त्याच रात्री ड्रायव्हरसाहेबांनी स्वतःच अर्ज भरला.

तर पहिल्या दिवशी ती बादली भरून परत आली. घर म्हणजे एकच खोली, बारा पावलं लांब आणि दहा रुंद. एका भिंतीला कोळशाची लोखंडी चूल. दुसऱ्या भिंतीत कपाटासारखा पलंग, त्याला दोन लाकडी झडपा. मधे टेबल, आणि चुलीपाशी जमिनीवर डुलणारा लाकडी पाळणा. संग्रहालय सांभाळणाऱ्या क्युरेटरबाईंनी सांगितलं होतं, की या खोलीत एके काळी नऊ माणसं राहायची. टिटवी शाळेत गेली होती, नवरा अंगणात कोळसा फोडत होता. घरात ढब्बू एकटाच.

आणि पाळणा हलत होता.

चष्मेवाली दारातच थबकली. पाळणा संथ डुलत होता. कुर्र... कुर्र... आणि आत ढब्बू टक्क जागा होता, तरी रडत नव्हता. हे जास्त नवलाचं! दात येताहेत म्हणून गेले चार महिने या पोरानं घर डोक्यावर घेतलं होतं. दोन डॉक्टर झाले, तीन औषधं झाली. आणि आता तो मजेत अंगठा चोखत पाळण्याच्या जरा वर, हवेत बघत होता. असं, की जणू कुणीतरी त्याच्यावर वाकलंय.

खोलीत ओल्या लोकरीचा वास येत होता. आंबटसर दुधाचाही.

"जमीन उतरती असेल," ती स्वतःशीच म्हणाली. मग ती पाळण्याभोवती मुद्दाम पाय आपटत चालली. पाळणा ढिम्म हलला नाही. तिनं बादली खाली ठेवली, बटाटे सोलायला घेतले, पाठ वळवली. कुर्र... कुर्र... आणि त्या लयीत अगदी बारीक आवाज, अनवाणी टाच फळीवर टेकल्यासारखा.

घाबरावं की नाही, हे ठरवायला तिला वेळच मिळाला नाही, कारण तोवर ढब्बू खुदकन हसला होता. चार महिन्यांत पहिल्यांदा.

त्या दिवशी तिनं काय काय उरकलं म्हणून सांगावं! कपडे धुतले, चूल घासली, पाव भाजला, आलेल्या लोकांना साबणाची वडी दाखवली, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. संध्याकाळी दिवा लागला तसे चौघं टेबलाभोवती बसले. टिटवीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. एका दालनात चार इयत्ता! मास्तर एकच! पाढे सगळ्यांनी एका सुरात ओरडायचे! चुकलं तर कोपऱ्यात उभं! "आणि आई, आमच्या शाळेत दहा मिनिटं उशीर झाला तर तुला लगेच मेसेज येतो ना? इथं आठवडाभर नाही गेलं तरी कुणी विचारायचं नाही म्हणे. कसली भारी शाळा!"

बाप पोट धरून हसला. किती दिवसांनी ते चौघं असे एका दिव्याशी बसले होते. चष्मेवालीला भरून आलं. पाळण्याचं तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर बंद होईल, असं तिला उगीचच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर रिकामं होताच ती पाळण्याकडं पाठ करून उभी राहिली आणि हळूच, निम्मी गमतीत, म्हणाली, "बाई गं, जरा बघतेस का याच्याकडं? मी कपडे वाळत घालून येते."

कुर्र.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि त्याच क्षणी हसूही फुटलं. भीती होतीच. पण एखाद्या उंच झोक्यावर बसल्यावर वाटते तशी, पुन्हा पुन्हा हवीशी. ती दिवसभर सांगत राहिली आणि ते दिवसभर ऐकत राहिलं. "जरा बघ हं." "आलेच मी." "अगं, त्याचं पांघरूण सरकलंय." परत येऊन पाहावं तर पांघरूण नीट, चारी बाजूंनी खोचलेलं, जसं तिला स्वतःला कधी खोचता येत नसे. दुपारी तर ती चक्क तासभर झोपली. दहा महिन्यांत दिवसा मिळालेली ती पहिली झोप.

एकदाच, अगदी एकदाच, कुणीतरी दमून सोडावा तसा सुस्कारा तिला ऐकू आला. तिनं तो ऐकून न ऐकल्यासारखा केला.

तिसऱ्या संध्याकाळी टिटवी पाटी घेऊन दिव्याशी बसली होती. "आई, आज हजेरीची गंमत सांगू? मास्तरांकडं त्या वेळचं खरं हजेरीबुक आहे. त्यातले नंबर आम्हाला वाटून दिलेत. मी अठरा. पण एकोणीस नंबर कुणालाच नाही."

"का गं?"

"ती मुलगी कधी यायचीच नाही ना! माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवलीय. मास्तर 'एकोणीस' म्हणाले की आम्ही सगळ्यांनी मिळून, बुकात लिहिलंय ते ओरडायचं." टिटवीनं छाती फुगवली. "घरी बाऽळ सांभाऽळते! सगळे इतके हसतात..."

चष्मेवालीच्या हातातला सुरा टेबलावर पडला. चुलीपाशी ढब्बू शांत झोपला होता. त्याचा पाळणा डुलायचा थांबला होता. ऐकत असल्यासारखा.

चौथ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधीच तिनं क्युरेटरबाईंना गाठलं. त्या चष्मा डोक्यावर सरकवून, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा घालून धावपळ करत होत्या. एकोणीस नंबर म्हणताच त्यांचा चेहरा खुलला.

"तुम्हाला कसं कळलं? अहो, त्यातली खरी मजा मी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवली होती! तीन वर्षं ती मुलगी पटावर होती. तीन वर्षांत हजेरी किती, सात दिवस. आणि पत्ता माहितीय? गिरणीची ओळ, घर तिसरं. म्हणजे तुमचंच!"

"मग पुढं?"

"पुढं सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आला. घरोघर तपासनीस फिरायला लागले. या घरी तो चार वेळा आल्याची नोंद आहे. चारही वेळा आईनं सांगितलं, अशी मुलगी आमच्या घरात नाही."

"नाही म्हणजे... कुठं होती?"

"लपवत असणार कुठंतरी. आई गिरणीत जायची, बाळाला बघायला दुसरं कोण? तिचं तरी काय चुकलं म्हणा..." बाईंनी घड्याळ पाहिलं. "त्यानंतर काहीच नाही. पुढच्या पानावर एकोणीस नंबर दुसऱ्याच मुलाला दिलाय. चला, लोक आले. आज दुपारी तपासनिसाचा प्रवेश आहे, विसरू नका. तुमचं वाक्य पाठ आहे ना?"

चष्मेवाली घरी आली. पलंग आवरताना तिच्या बोटांना झडपांची कडी लागली. चार दिवस ती कडी रोज तिच्या हाताला लागत होती. आज पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं, की कडी बाहेरच्या बाजूनं होती.

पलंगात झोपणाऱ्याला आतून कडी लागते. बाहेरून कशाला?

दुपारी दोनला खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडं तीसेक माणसं, खिडकीबाहेर आणखी डोकी. ढब्बू पाळण्यात, पाळणा डुलतोय. लोक म्हणत होते, बघा, आत यंत्र बसवलंय. नवरा दाराशी गर्दीला आवरत उभा होता. बाहेर काठीचे तीन ठोके पडले.

ठक्. ठक्. ठक्.

पाळणा जागच्या जागी थांबला.

टिटवीच्या शाळेचे मास्तर आत आले. एरवी ते निवृत्त भूगोल शिक्षक. गोड हसायचे, खिशात खडीसाखर बाळगायचे. आज उंच टोपी आणि काळा कोट घालून ते तपासनीस झाले होते. त्यांनी वही उघडली. "या घरात शाळेच्या वयाची मुलं किती?"

चष्मेवालीला वाक्य पाठ होतं. "एकच, साहेब. ती शाळेत गेलीय."

"दुसरं कुणी नाही?"

"नाही, साहेब. दुसरं कुणी नाही."

तिनं हे म्हटलं आणि मागं, पलंगाच्या बंद झडपांआड, काहीतरी हललं. गादीतला पेंढा करकरला. मग श्वास. तोंडावर हात दाबून घेतल्यासारखा, आखूड आखूड. लोक हसले. कुणी म्हणालं, "वा, मस्त!"

मास्तर हसले नाहीत. पुढचं वाक्य होतं, 'ठीक आहे, येतो.' ते त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी वही मिटली. आवाज अगदी खाली आला. "मग... मग त्या पलंगात कोण आहे?"

चष्मेवालीनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यालाही ऐकू आलं होतं. पलंगात कुणी नाही, हे त्यानं स्वतः कडी लावताना पाहिलं होतं.

कुणी नाही असं म्हणायचं, की झालं. लोक टाळ्या वाजवतील, मास्तर जातील, आणि पाळणा पुन्हा डुलायला लागेल. उद्याचा एक दिवस, आणखी एक दुपारची झोप. तिच्या मनात हे आलं. आलं, हे तिनं नंतर नवऱ्याला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा शरमेनं लाल झाला होता. चार दिवस तीसुद्धा त्याच पोरीला राबवत आली होती. दमलेला सुस्कारा ऐकूनसुद्धा.

ती उठली. तिनं कडी काढली आणि दोन्ही झडपा सताड उघडल्या.

आत कुणी नव्हतं. गादीवर मधोमध खळगा होता, गुडघे पोटाशी घेऊन पडलेल्या लहान अंगाएवढा. तिनं हात ठेवला. ऊब होती.

"ये बाहेर," ती म्हणाली. "घाबरू नकोस. दार उघडं आहे. शाळेत जा, बाळा... इथलं बाळ मी बघते."

क्षणभर काहीच झालं नाही. मग तिच्या घागऱ्याला कुणीतरी घासून गेलं. दोरी हलली. दोरीपलीकडं उभी असलेली एक म्हातारी, कुणाची कोण, पटकन अंग चोरून बाजूला झाली आणि खाली बघत सहज म्हणाली, "सावकाश गं, पडशील!"

आणि ढब्बूनं भोकाड पसरलं. चार दिवसांचं साठलेलं सगळं एकदम.

टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्मेवालीनं पोराला उचलून छातीशी धरलं. ती रडत होती की हसत होती, तिलाच सांगता आलं नसतं. नवरा गर्दीतून वाट काढत आला आणि काही न विचारता त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

चारला शाळा सुटली. टिटवी अशी धावत आली, की एक बूट वाटेतच राहिला. "आई! आई, ती आली!"

"श्वास घे आधी."

"मास्तरांनी दुपारी परत हजेरी घेतली. त्यांचा आवाज कसातरीच येत होता. ते 'एकोणीस' म्हणाले आणि आम्ही ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. हजर!" टिटवीचे डोळे चमकत होते. "हळूच म्हणाली. पण सगळ्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही, आई. आणि मास्तर टोपी काढून उभे राहिले, आणि त्यांनी बुकात लिहिलं. खरंच लिहिलं! मग बाक हलला, कुणी नीट सरकून बसावं तसा. मी माझी पाटी मधे ठेवली. दोघींना दिसेल अशी."

"भीती नाही वाटली?"

टिटवीनं विचार केला. "वाटली. पण तिला जास्त वाटत होती."

त्या संध्याकाळी दिव्याभोवती जे बोलणं झालं ते संपेचना. नवऱ्यानं सगळं दोनदा सांगायला लावलं. ढब्बू मधूनमधून रडत होता, त्याला तिघं आळीपाळीनं घेत होते, आणि कुणालाच त्याचा कंटाळा आला नाही. पाचव्या दिवशी पाळणा हलला नाही. लोकरीचा वासही गेला. निघताना क्युरेटरबाईंनी घराला कुलूप लावलं, चौघांनी आपले कपडे चढवले, आणि दीडशे वर्षं ओलांडून बसनं घरी आले.

घरी एक गोष्ट मात्र बदलली. जेवायला मेसेज करायचा नाही, सगळ्यांनी टेबलाशी यायचं, असं ठरलं. ते आठवडाभर टिकलंसुद्धा.

पुढच्या सोमवारी सकाळी सव्वासातला नवरा ड्यूटीवर निघून गेला होता. चष्मेवाली स्वयंपाकघरात बसून ढब्बूला चमच्यानं खीर भरवत होती. दोन दात दिसायला लागले होते, आणि पठ्ठ्या आज चक्क खुशीत होता. टिटवी आतल्या खोलीत दप्तर भरत होती. तिचं दार बंद होतं.

"आई गं!" टिटवी आतून त्रासून ओरडली. "त्याला घे ना आता! किती वेळ रडतोय."

चष्मेवालीचा चमचा हवेतच राहिला. तिच्या मांडीवर ढब्बू तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत होता.

मग तिलाही ऐकू आलं. मधल्या खोलीतून येत होतं. ढब्बूपेक्षा कितीतरी लहान, अगदी काही दिवसांच्या बाळाचं रडणं. रडून रडून घोगरं झालेलं, आणि भुकेलं. 'इथलं बाळ मी बघते,' असं तिनंच तर त्या पोरीला सांगितलं होतं.